पंचाचा निवाडा आणि खेळाडूचे सत्य

माळेगावच्या खंडोबाची यात्रा असो की लातूरच्या सिद्धेश्वराची, देवदर्शन उरकले की आपली माणसे कुस्त्यांच्या फडाकडे वळतात. गावोगावच्या कबड्डीच्या मैदानाभोवतीही अशीच दाटी होते. खेळ रंगात आला की कोणीतरी ओरडतोच, "पंच विकला गेला!" आपला गडी बाद दिला, एवढा पुरावा त्याला पुरे होतो. परमार्थाच्या मासिकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु निवाडा चुकला आहे असे मनाला ठाऊक असता माणसाने कसे वागावे, हा प्रश्न काही मैदानापुरता नाही. म्हणून आम्ही तो येथे घेतला आहे.

प्रथम पंचाचे काम तरी काय, ते पाहू. कबड्डीत दोन्हीकडे सात-सात गडी, आणि एका चढाईला तीस सेकंद. मध्यरेषेच्या दोन टोकांस दोन पंच उभे, त्यांच्यावर एक सरपंच. 'कबड्डी, कबड्डी' हा उच्चार तुटला का, हे कानाने ऐकायचे. निदान रेषा ओलांडली का, झटापट होण्याआधी कोणाचा पाय राखीव क्षेत्रात पडला का, हे डोळ्यांनी पाहायचे. आणि हे सारे पापणी लवते न लवते तोच! तेथे विचाराला सवड नाही. वर्षानुवर्षे मुरलेली नजर जे टिपेल, तोच निर्णय.

आता गंमत अशी की रेषेवरचा पाय पंचाला दिसतो. पण बोटाचे टोक अंगाला चाटून गेले की नाही, हे पुष्कळदा फक्त दोघांनाच कळते. ज्याने शिवले त्याला, आणि ज्याला शिवले त्याला. म्हणजे जो जाणतो तो गप्प बसतो, आणि जो जाणत नाही त्याने खरे सांगावे असा आपला हट्ट! हा कुठला न्याय?

पंचाची चूक आणि पंचाचा पक्षपात यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. चूक नजरेची असते, पक्षपात मनाचा. पक्षपात करणारा पंच दोषी खराच. परंतु त्याचा कल बिघडविण्यात आपलाही हात असतो बरे! २०२० साली कोरोनाच्या साथीत युरोपात फुटबॉलचे सामने प्रेक्षकांवाचून झाले, तेव्हा पाहुण्या संघाला पंचांकडून मिळणाऱ्या ताकिदी कमी झाल्याचे अभ्यासकांना आढळले. घरच्या लोकांचा गलबला थांबला आणि पंचाचा तराजू थोडा सरळ झाला. दुसरी एक खोड अशी की, आपली चूक ध्यानात आली म्हणजे एखादा पंच पुढचा निर्णय दुसऱ्या बाजूला देऊन फिटंफाट करतो. तो त्याला समता समजतो. पण एका अन्यायावर दुसरा ठेवला तर दोन अन्याय होतात, न्याय होत नाही.

मग पंचाचा निर्णय अंतिम म्हणतात, त्याचा अर्थ काय? अंतिम म्हणजे खरा नव्हे. अंतिम म्हणजे एवढेच, की तेथे वाद थांबावा आणि खेळ पुढे चालावा. कुस्ती हा सांघिक खेळ नव्हे, पण हे तत्त्व तिलाही लागू आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाच्या अंतिम लढतीत नांदेडकडून उतरलेला शिवराज राक्षे यास पराभूत ठरविले. पाठ टेकलीच नाही, असे त्याचे म्हणणे. रागाच्या भरात त्याने पंचाला लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. कोणी विचारील, "मग अन्याय मुकाट गिळायचा काय?" मुळीच नाही. कर्णधाराने दाद मागावी, लेखी तक्रार करावी, चित्रफीत पुन्हा पाहा म्हणावे. दाद मागण्यात लाज नाही. पण ज्या क्षणी हात उठला, त्या क्षणी आपली बाजू खरी असली तरी ऐकणारा कोणी उरत नाही.

याहून वरची पायरी मुंबईला वानखेडे मैदानावर दिसली. १९८० सालच्या इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत पंचाने बॉब टेलरला झेलबाद दिले. इंग्लंडचे पाच गडी आधीच गेलेले. भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांना वाटले, चेंडू बॅटीला लागलाच नाही. त्यांनी टेलरला माघारी बोलाविले. पुढे त्याची आणि बोथमची मोठी भागी झाली आणि भारत दहा गड्यांनी हरला. व्यवहारी माणूस म्हणेल, वेडेपणा केला! परंतु त्या सामन्याची आठवण आजही निघते, ती हरल्याच्या हळहळीने नव्हे, विश्वनाथांच्या त्या एका हाकेमुळे.

वाचकहो, पंचाकडे दोन डोळे आणि एक शिट्टी. त्याहून अधिक त्याच्याकडे मागू नये. शिवले गेल्यावर जो गडी शिट्टीची वाट न पाहता आपण होऊन बाहेर पडतो, तो पंचाचे अर्धे ओझे उचलतो. शेताच्या बांधावर, भावाभावांच्या वाटणीत आणि दुकानाच्या तराजूपाशी तर पंचही उभा नसतो. तेथे हात कोठे लागला, हे आपले आपल्यालाच सांगावे लागते. ती सवय मैदानावर लागली, तर खेळ सार्थकी लागला असे आम्ही समजू.