होज पाइप आणि भरवसा

माउली, वारी जवळ आली की दिंडीच्या ट्रकला हार घालतात, नारळ फोडतात. बॉनेट मात्र सहसा कुणी उघडत नाही. विचारले तर म्हणतात, 'पांडुरंग पाहून घेईल.' ही श्रद्धा म्हणावी की आळस?

रेडिएटरचा होज रबराचा. वरून धड दिसला तरी आतून खराब झालेला असू शकतो. इंजिन पूर्ण थंड असताना तो दाबून पाहावा. लिबलिबीत लागला, कडक होऊन चिरा पडल्या, क्लिपजवळ फुगला किंवा तेलाने सुजला असेल, तर बदलावा. (तापलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, उकळते पाणी अंगावर येते.) दिवे घाटात पहिल्या गिअरवर रखडताना इंजिन तापते आणि असा होज तिथेच दगा देतो.

स्वतःच्या जिवाचा भार देवावर टाकायला तुम्ही मोकळे आहात. पण त्या ट्रकात साऱ्या दिंडीचा शिधा, अंथरुणे, म्हाताऱ्यांच्या गोळ्या असतात. ट्रक घाटात अडकला तर सासवडच्या मुक्कामी ती माणसे पावसात उपाशी बसतील. त्यांच्या वतीने देवाला गृहीत धरायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

होज प्रस्थानाआधी आठ दिवस बदलावा. म्हणजे गावातल्या गावात ट्रक फिरवून क्लिपपाशी गळती होते का, तेही पाहता येते.