रुमाल टाकलेली खुर्ची

डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांत पुण्यात राहणाऱ्या माणसाला 'आज संध्याकाळी काय करायचं?' हा प्रश्न पडत नाही. 'आज काय काय सोडायचं?' हा पडतो. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव असतो, वसंतोत्सव असतो. सुदर्शन रंगमंचावर प्रायोगिक नाटकं असतात. बालगंधर्व, भरत नाट्य मंदिर, ज्योत्स्ना भोळे सभागृह यांपैकी कुठे ना कुठे नाटक, गाणं नाहीतर नाच असतो. शिवाय कुणाच्या तरी गच्चीवर कवितावाचन असतंच.

मी या सगळ्याची एक शीट ठेवतो. तारीख, वार, स्थळ, वेळ, तिकीट की विनामूल्य प्रवेशिका, पार्किंग मिळतं का. मित्रांना शेअर केलेली आहे. ऑफिसात कुणालाही वीकेंडला काय आहे हे विचारायचं असलं की तो मला विचारतो. शीटमध्ये शेवटचा कॉलम आहे, 'गेलो?'. गेल्या वर्षीच्या शीटमध्ये ४७ ओळी आहेत. त्या कॉलममध्ये 'हो' आहे नऊ वेळा.

म्हणजे शहरात काय चाललंय हे मला सगळं माहीत असतं. मी तिथे नसतो, इतकंच.

यात काही चूक आहे असं मला वाटायचं नाही. गेल्या जानेवारीत एक गोष्ट घडली, तेव्हापासून वाटतं.

आमच्या टीममध्ये टेस्टिंगला एक मुलगी आहे. ती लहानपणापासून कथक शिकते. सकाळी रियाज, दिवसभर आमचे बग शोधणं, शनिवार-रविवार गुरूंकडे. त्या जानेवारीत तिचा पहिला स्वतंत्र कार्यक्रम होता. हॉलचं भाडं, तबला, हार्मोनिअम, सारंगी, लाइट, सगळा खर्च तिचा. प्रवेश विनामूल्य, पण ऑनलाइन पास काढायचा. मी पहिल्याच दिवशी दोन पास काढले. 'येतोय!' असा मेसेजही टाकला, टाळ्यांच्या इमोजीसकट.

त्या शनिवारी मी गेलो नाही. हिंजवडीहून टिळक रस्त्याच्या बाजूला जायचं म्हणजे ट्रॅफिकमध्ये दीड तास, असं मनाला सांगत सोफ्यावर पडलो आणि रील्स बघत बसलो. सोमवारी तिला सांगितलं, "अगं सॉरी, प्रॉडक्शनला इश्यू आला होता."

ती म्हणाली, "ठीक आहे रे." मग जरा थांबून म्हणाली, "पास दोन दिवसांत संपले होते. हॉल अर्धासुद्धा भरला नाही. सुरुवातीला दोन आज्या आल्या होत्या पास नसताना. दारावरच्या मुलानं 'फुल आहे' म्हणून परत पाठवलं. त्याच्याकडच्या लिस्टप्रमाणे फुलच होता ना."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

*

माझं गाव सांगली जिल्ह्यातलं. एसटी स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, हे आम्हाला शाळेच्या आधी शिकवलं जातं. या रुमालाला कायद्याचं काहीही पाठबळ नाही, तरी लोक तो मानतात. कारण त्यासोबत एक न लिहिलेला नियम येतो: ज्याचा रुमाल, त्यानं गाडी सुटायच्या आत येऊन बसायचं. कंडक्टरनं घंटी मारली आणि मालक आला नाही, तर कुणीतरी आजी तो रुमाल उचलून बाजूला ठेवते आणि बसते. कुणी हरकत घेत नाही.

ऑनलाइन पास हाही रुमालच. पण तो घरी बसून टाकता येतो. त्यासाठी धावावं लागत नाही, खिडकीपाशी कोपर खावं लागत नाही. आणि तो उचलून बाजूला ठेवायची सोय बहुतेक ठिकाणी नसते. आमच्या धंद्यात अशा गोष्टीला नाव आहे. एखादा प्रोग्रॅम एखाद्या रिसोर्सवर लॉक घेतो आणि काम न करता तसाच बसून राहतो. बाकीचे रांगेत ताटकळतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, सिस्टीम बिझी आहे. प्रत्यक्षात आत काहीच चाललेलं नसतं. असा कोड मी रिव्ह्यूमध्ये पास करत नाही.

मग स्वतःला का करतो?

*

माझा पहिला बचाव असा होता: कार्यक्रम फुकट होता, मी कुणाचे पैसे बुडवले नाहीत. पण हा बचाव टिकत नाही. फुकट म्हणजे खर्च नसलेला असं नव्हे, फक्त खर्च दुसऱ्यानं केलेला. आणि नुकसान पैशांचं नव्हतंच. दोन आज्यांची संध्याकाळ गेली, ती कुठल्याही हिशेबात दिसत नाही.

मग पन्नास-शंभर रुपये तिकीट लावलं तर? अनेक आयोजक हल्ली तसं करतात, लोक यावेत म्हणून. मला इथे इस्राएलमधल्या हैफा शहरातली पाळणाघरं आठवतात. काही पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे, म्हणून तिथे दंड लावून पाहिला. उरी नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी या अर्थशास्त्रज्ञांचा यावरचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. दंड लावल्यावर उशिरा येणारे वाढले. कारण आधी उशीर झाला की शिक्षिकेसमोर ओशाळं वाटायचं. आता वाटू लागलं, पैसे भरतोय ना! दंड काढून टाकल्यावरही जुनी लाज परत आली नाही.

तिकिटाचंही तसंच होऊ शकतं. पैसे भरले की न जाण्याचा हक्क विकत घेतल्यासारखं वाटतं. आयोजकाचं नुकसान भरून निघतं हे खरं. पण रंगमंचावर उभ्या असलेल्या माणसाला समोरची रिकामी खुर्ची तिकिटाची आहे की पासाची, हे कळत नाही. तिला रिकामी खुर्ची दिसते.

दुसरा बचाव: माझ्या एकट्याच्या जाण्यानं काय फरक पडला असता? त्या दिवशी न आलेल्या प्रत्येकानं हेच म्हटलं असणार. प्रत्येकाचं म्हणणं सुटं सुटं बरोबर आणि एकत्र केलं की अर्धा हॉल रिकामा. 'तू जे करतोयस ते सगळ्यांनीच केलं तर?' हा कान्टचा प्रश्न इंजिनिअरिंगला कुणी शिकवला नव्हता, पण लोड टेस्टिंग करताना आम्ही रोज तोच विचारत असतो.

शिवाय नाच आणि गाण्यात प्रेक्षक हा मोजण्यापुरता नसतो. कथकमध्ये नर्तकी आधी बोल म्हणून दाखवते, मग तेच पायांतून काढते. तीनतालाच्या सोळा मात्रा समोरचेही मनात मोजत असतात. तिहाई समेवर येते तेव्हा हॉलमधून जो 'वाह' निघतो, तो सगळ्यांनी मिळून केलेला हिशेब जुळल्याचा असतो. नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या सिद्धीबद्दल लिहिताना प्रेक्षकाच्या अंगी काय गुण असावेत, याचीही चर्चा आहे. पुढे काश्मीरमध्ये अभिनवगुप्तानं रसाचा विचार केला तो 'सहृदय' प्रेक्षकाला धरून. म्हणजे समोर कुणी असणं हा कार्यक्रमाचा भागच आहे. माझी खुर्ची रिकामी होती, तेव्हा कार्यक्रम तेवढा कमी झाला.

*

तिसरा बचाव मात्र मला सहज खोडता येत नाही. माझी शनिवारची संध्याकाळ माझी आहे. आठवडाभर मी डेडलाइन पाळतो. आता गाणं ऐकणं, नाच बघणं याचंही कर्तव्य केलं तर त्यातली मजा काय राहिली? हजेरी लावायला आलेला, घड्याळाकडे बघणारा श्रोता कुठल्या गायकाला हवा असतो?

हे खरं आहे. कुठल्याही कार्यक्रमाला जाणं हे माझं कर्तव्य नाही. मी पास काढलाच नसता, तर त्या दिवशी सोफ्यावर पडून राहण्यात काहीच गैर नव्हतं. पण मी पास काढला, मेसेज केला. म्हणजे एक शब्द दिला. कलेचं मी काही देणं लागत नसेन, पण दिलेल्या शब्दाचं लागतो. आजारपण आलं, खरंच प्रॉडक्शन पडलं, तर शब्द मोडावा लागतो. तेव्हाही एक गोष्ट हातात असते: रुमाल उचलायचा. पास रद्द करायचा, नाहीतर एक मेसेज टाकायचा. त्याला एक मिनिट लागतं.

ते एक मिनिट मी का देत नाही, याचं उत्तर जरा ओशाळं करणारं आहे. रद्द केलं की 'मी जाणार नाही' हे स्वतःशी कबूल करावं लागतं. रद्द न करता पडून राहिलं, की सात वाजेपर्यंत मी जाऊ शकणारा माणूस असतो. सात वाजून गेले की प्रश्न आपोआप सुटतो. पास मला कार्यक्रमासाठी नकोच असतो. आपण कार्यक्रमांना जाणारे आहोत, असं वाटून घेण्यासाठी हवा असतो. ती ४७ ओळींची शीटही त्यासाठीच असावी.

सवाई गंधर्वांच्या स्मृत्यर्थ त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी १९५३ साली हा महोत्सव सुरू केला. पूर्वी तिथे रात्र रात्र मैफल चालायची. पुढे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, एरवीची थोडी सवलत सोडली तर. त्यामुळे माझ्या वयाच्या माणसांनी ती रात्र पाहिलेली नाही. माझा मामा सांगतो, शाल, थर्मास आणि घरच्या दशम्या घेऊन बसायचं. मध्यरात्री कंटाळा आला तरी जाणार कुठे? बस नाही, रिक्षा नाही. मग तिथेच जरा डुलकी काढायची आणि पहाटे कुणाच्या तरी स्वरानं जाग यायची. तो म्हणतो, त्यानं ऐकलेलं सगळ्यात चांगलं गाणं हे असं, उठून जाता येत नव्हतं म्हणून ऐकलेलं आहे.

आम्ही सगळे पर्याय शेवटपर्यंत उघडे ठेवतो आणि त्याला स्वातंत्र्य म्हणतो. पण माझा एक पर्याय उघडा राहावा म्हणून त्या संध्याकाळी दोन आज्यांचा बंद झाला. आणि मी तो वापरलासुद्धा नाही.

*

मार्चमध्ये कँटीनमध्ये मी तिला खरं सांगितलं. प्रॉडक्शनला काहीही झालं नव्हतं, मी घरी लोळत होतो.

ती म्हणाली, "माहितीये मला. शो संपल्यावर चॅट उघडलं होतं, तुझा डॉट संध्याकाळभर अवे होता. इश्यू असता तर हिरवा दिसला असता." मग तिनं माझ्या डब्यातली भाजी घेतली आणि विषय बदलला.

या डिसेंबरात एका गाण्याच्या कार्यक्रमाचा पास काढला होता. या वेळी खरंच रिलीज पुढे सरकलं. दुपारी चार वाजता लक्षात आलं की जमणार नाही. पास रद्द केला. 'धन्यवाद'चा ऑटोमॅटिक मेल आला, बाकी काही नाही. माझ्या खुर्चीवर कोण बसलं, कुणी बसलं की नाही, हे मला कधीच कळणार नाही.

शीटमध्ये 'गेलो?'च्या शेजारी आता आणखी एक कॉलम आहे: 'नाही तर, जागा सोडली?' त्यात सध्या एकच 'हो' आहे.