न आढळणे आणि नसणे



नळाखाली धरलेला पेला भरतो, पाणी स्वच्छ दिसते आणि आपण ते निःशंक मनाने पितो. परंतु पाण्यात विरघळलेल्या शिशाला ना रंग असतो, ना वास, ना चव. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरामागे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक शिसे असू नये. आणि बालकांसाठी शिशाचे निर्धोक असे कोणतेच प्रमाण ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. डोळ्यांची साक्ष येथे उपयोगाची नाही. मग साक्ष कोणाची घ्यावी?

एक्स-रे फ्लुओरेसन्स ही परीक्षणाची एक पद्धत आहे. नमुन्यावर क्ष-किरण सोडले की अणूच्या आतील कवचातला इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो, बाहेरच्या कवचातला दुसरा त्याची जागा घेतो, आणि त्या वेळी त्या मूलद्रव्याची ओळख पटवणारा क्ष-किरण बाहेर पडतो. पितळी तोटीतील किंवा भिंतीच्या रंगातील शिसे हे यंत्र अल्पावधीत दाखवते. पाण्याच्या बाबतीत मात्र अडचण येते. पाणी स्वतःच किरण विखुरते, त्यामुळे शिशाची क्षीण खूण त्यात बुडून जाते. सरळ पाणीच तपासले, तर लिटरामागे साधारण १ मिलिग्रॅम शिसे असल्याखेरीज सामान्य यंत्राला ते खात्रीने ओळखता येत नाही. हे प्रमाण मानकाच्या सुमारे शंभरपट झाले!

म्हणून 'शिसे आढळले नाही' या शब्दांचा अर्थ 'शिसे नाही' असा होत नाही. जाणता परीक्षक पाणी आटवून किंवा विशिष्ट गाळणीवर धातू गोळा करून मगच मोजतो, आणि आपल्या यंत्राची मर्यादा अहवालात नमूद करतो.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. अज्ञान निर्दोष केव्हा असते?

अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी डेट्रॉइटचे पाणी सोडून फ्लिंट नदीचे पाणी घेतले. नळ झिजू नयेत म्हणून मिसळावयाचे रसायन मिसळले गेले नाही आणि जुन्या नळांतील शिसे पाण्यात उतरले. नमुना घेण्याआधी नळ काही वेळ वाहू द्यावा, अशी सूचना रहिवाशांना देण्यात आली होती. अशाने साचलेले शिसे आधीच वाहून जाते. २०१५ च्या अहवालातून अधिक शिशाचे दोन नमुने वगळण्यात आले आणि शहराचा आकडा कारवाईच्या पातळीखाली आला. अखेर रहिवाशांनी व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या साहाय्याने स्वतः नमुने गोळा केले, सप्टेंबरमध्ये एका बालरोगतज्ज्ञ महिलेने मुलांच्या रक्तातील शिसे वाढल्याचे दाखवले, आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये शहर पूर्वीच्या पाण्याकडे परतले.

यंत्राचे न पाहणे आणि माणसाचे न पाहणे यांतील भेद येथे स्पष्ट होतो. यंत्र आपल्या शक्तीपुरते पाहते. माणूस मात्र जे पाहावयाचे नाही ते दिसणार नाही, अशी व्यवस्था करू शकतो आणि वर अहवालाकडे बोट दाखवू शकतो. असे अज्ञान निर्दोष कसे म्हणावे?

आपण कदाचित विचाराल, की ज्याला दुसरे पाणीच नाही, त्याला हे कळून काय लाभ? प्रश्न रास्त आहे. शिसे उकळल्याने जात नाही, आणि नळ बदलणे गरिबाच्या आवाक्यात नसते. परंतु कळल्यावाचून तो कोणाकडे दादही मागू शकत नाही. शिवाय ज्यांनी नळ घातले, त्यांचे उत्तरदायित्व या ज्ञानापासूनच सुरू होते.

तेव्हा वाचकहो, पाणी तपासावयाचे झाल्यास रात्रभर नळात साचलेले, पहाटेचे पहिले पाणी द्या. किती सूक्ष्म प्रमाण ओळखता येते, हे प्रयोगशाळेला विचारा. आणि शिसे आढळलेच, तर प्रथम शेजाऱ्यांना सांगा. त्यांच्या घरी येणारे पाणीही बहुधा त्याच नळातून येत असते.