घंटा, कपाट आणि डबा

भंडारा मागे टाकून साकोलीकडे निघाले की राष्ट्रीय महामार्गावर लाखनी हे तालुक्याचे गाव लागते. मुंबई-कोलकाता मार्गावरील अवजड वाहने दिवसरात्र येथून धावत असतात. रस्ता सोडून थोडे आत गेले की मात्र धानाच्या बांध्या, तलाव, आणि धान उभे असतानाच त्याच ओलीवर पेरलेली लाखोळी. ह्या परिसरातील एका माध्यमिक शाळेत मी एकवीस वर्षे मराठी शिकविले. त्यांपैकी नऊ वर्षे ग्रंथालयाच्या कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. पटसंख्या बेताची असलेल्या शाळेला पूर्णवेळ ग्रंथपाल मिळत नाही. मग ते काम बहुधा भाषाशिक्षकाच्या गळ्यात पडते, तसे ते माझ्या पडले होते.

आमच्या शाळेच्या वऱ्हांड्यात एक फलक होता. त्यावरील नियमांपैकी तीन आज मला आठवतात. शिक्षक रजेवर असल्यास विद्यार्थ्यांनी वर्गातच बसून शांतपणे अभ्यास करावा. मधल्या सुट्टीत ग्रंथालय बंद राहील. आणि डबा मधल्या सुट्टीतच, वर्गाबाहेर बसून खावा. तिन्ही नियमांमागे कारणे होती व ती चांगली होती. मोकळ्या तासाला पोरे रस्त्यावर गेली तर महामार्ग दोनशे पावलांवर. मधल्या सुट्टीत ग्रंथालय सांभाळणाऱ्यालाही दोन घास खायचे असतात. वर्गात डबे उघडले की संध्याकाळपर्यंत मुंग्या आणि वास. हे नियम कोणी दुष्ट हेतूने केले नव्हते. काहींच्या मसुद्याला माझाही हात लागला होता. म्हणूनच पुढे जे घडले त्याचा विचार माझा पाठलाग करीत राहिला.

2014 च्या पावसाळ्यात नववीतील एक मुलगी मधल्या सुट्टीची घंटा झाली की ग्रंथालयाच्या दाराशी येऊन उभी राहू लागली. दार लावण्याच्या बेतात असलेल्या मला ती म्हणे, "सर, पाचच मिनिटे." पुस्तक कोणतेही चालत असे. पहिल्या दिवशी मला कौतुक वाटले, चौथ्या दिवशी मी फलकाकडे बोट दाखविले. ती निघून गेली. त्यानंतर काही दिवसांनी मी तिला पाण्याच्या टाकीमागे एकटी उभी असलेली पाहिले आणि तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले की तिच्याजवळ डबा नव्हता. रोवणीचे दिवस होते. आई पहाटेच दुसऱ्याच्या बांधीत जाई, आणि गावातून शाळेच्या वेळेची एस.टी. एकच होती. पुस्तकाची ओढ खोटी होती असे मी म्हणणार नाही; पण हातात पुस्तक असले म्हणजे 'तू का जेवत नाहीस?' असे कोणी विचारीत नाही, हेही तिला ठाऊक होते.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात यायला उशीर झाला. आदल्या वर्षी, आठवीत असताना, ही मुलगी त्याच वऱ्हांड्यात, त्याच वेळी, पंगतीत बसून खिचडी खात होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्या भुकेत काही बदल झाला नव्हता. बदलली होती ती फक्त इयत्ता.

शालेय पोषण आहाराचा इतिहास येथे थोडक्यात सांगणे भाग आहे. 15 ऑगस्ट 1995 रोजी केंद्र शासनाने प्राथमिक शाळांसाठी ही योजना सुरू केली. बहुतेक राज्यांत तेव्हा शिजविलेले अन्न मिळत नसे. महिन्याकाठी 80 टक्के हजेरी भरली तर 3 किलो धान्य घरी नेण्यास मिळे. मग 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेलेच अन्न द्यावे असा आदेश दिला. पुढे 2008-09 पासून देशभर ती आठवीपर्यंत पोहोचली. पाचवीपर्यंतच्या मुलाला 100 ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम. 2021 मध्ये योजनेचे नाव 'पीएम पोषण' असे झाले, पण आठवीची रेघ तशीच राहिली. शिक्षणहक्काचा 2009 चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या बालकांसाठी आहे आणि अन्नाची रेघही त्याच रेघेला धरून ओढलेली आहे. कोठेतरी रेघ ओढावीच लागते, हे मला मान्य आहे. पण पाचवी ते दहावी एकाच छपराखाली असलेल्या शाळेत ती रेघ दोन बहिणींच्या मधून जाते. धाकटी ताटलीवर बसते, थोरली टाकीमागे उभी राहते. गंमत अशी की त्या मुलीला शाळेत आणणाऱ्या एस.टी.चा मोफत पास तिला नववीतही होता.

आता अपराध कोणाचा? अन्नाचा नियम दिल्लीचा, ग्रंथालयाचा नियम आमचा, वर्गाबाहेर बसून खाण्याचा नियम स्वच्छतेचा. एकेकटा पाहिला तर प्रत्येक निर्दोष. तिघे मिळून एका मुलीच्या अंगावर आले, तेव्हा त्यांतील एकालाही आपण काही वावगे केले असे म्हणण्याचे कारण नव्हते. नियम माणसाला दिसेनासा करतो तो असा. त्याला समोर 'विद्यार्थी' दिसतो; ही मुलगी दिसत नाही. ती दिसण्याचे काम ज्याच्या हातात किल्ली असते त्याचे. ते मी चार दिवस केले नाही.

मग मी जे केले ते बहुतेक वाचकांनी केले असते. दुसऱ्या दिवशी तिला आत बसू दिले आणि माझ्या डब्यातील पोळीभाजी पुढे केली. तिने पुस्तक घेतले, पोळी घेतली नाही. आठवडाभराने आमच्या मुख्याध्यापकांनी मला बोलावले. ते कठोर गृहस्थ नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, "गुरुजी, तिला कोणत्या नियमाने बसविता? उद्या दुसरा आला आणि तो तुमच्या नावडीचा असला तर?" मला राग आला. घरी जाताना मात्र लक्षात आले की ह्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही.

कारण माझी दया ही शेवटी माझी सत्ता होती. किल्ली माझी, मर्जी माझी, आणि उपकारही माझेच. ज्या मुलीला कोणाच्या नजरेत यायचे नव्हते तिला मी सर्वांच्या नजरेत आणून बसविले होते. नियम निष्ठुर असतो, पण तो कोणावर उपकार करीत नाही. म्हणून दुबळ्या माणसाला पुष्कळदा दयाळू माणसापेक्षा नियमाचा आधार अधिक वाटतो. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावांना कोपऱ्यात गोणपाटावर बसावे लागे आणि शिपायाने वरून ओतले तरच पाणी मिळे, हे आपण सर्व जाणतो. शिपाई नसला तर तहान तशीच. शिपायाची दया तेथे काय कामाची होती? हवा होता तो सर्वांना एकाच माठातून पाणी देणारा नियम. आज पोषण आहाराच्या पंगतीत सर्व जातींची मुले एका रांगेत बसतात, आणि बसत नसतील तेथे बसविता येतात, ती कोणाच्या मनाच्या मोठेपणामुळे नव्हे. म्हणून नियमांची थट्टा करणाऱ्यांत मी सामील होत नाही.

तेव्हा प्रश्न नियम हवा की दया हवी असा नव्हताच. दयेला नियमात जागा कशी करून द्यावी, हा होता. ह्याचे उत्तर शोधताना मला सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट आठवले. मोंते कसिनो येथील मठासाठी त्यांनी लिहिलेल्या नियमावलीची 73 प्रकरणे आहेत, आणि तीत आमच्या फलकावरच्या तिन्ही गोष्टी आहेत: वाचनाचे तास, पुस्तकांचे वाटप आणि जेवणाची वेळ. उपवासकाळाच्या आरंभी प्रत्येकाला एक पुस्तक मिळावे आणि त्याने ते क्रमाने, पूर्ण वाचावे. वाचनाच्या वेळी एकदोन वडीलधाऱ्यांनी फेरी मारून कोण गप्पा छाटीत बसला आहे ते पाहावे. (मोकळ्या तासाला बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणारा आमचा मॉनिटर ह्या वडीलधाऱ्यांचाच दूरचा वंशज म्हणायचा. फरक इतकाच की बेनेडिक्ट हे काम जबाबदार माणसावर सोपवितात. आम्ही ते तेरा वर्षांच्या पोरावर टाकून त्याला चहाडी शिकवितो.) पण मला थांबविले ते अन्नाविषयीच्या प्रकरणांनी. सर्वांना सारखेच मिळावे काय, असा प्रश्न ते स्वतःच विचारतात, आणि प्रेषितांच्या काळातील मंडळीचा दाखला देऊन ज्याला जेवढी गरज तेवढे, असे उत्तर देतात. ज्याला कमी लागते त्याने खिन्न होऊ नये, ज्याला अधिक लागते त्याने तोरा मिरवू नये, हेही सांगायला विसरत नाहीत. मनुष्यस्वभाव त्यांना चांगलाच ठाऊक होता. वृद्ध आणि बालके ह्यांच्यासाठी तर स्वतंत्र प्रकरण आहे: त्यांना अन्नाच्या नियमाचा काच नसावा, ठरल्या वेळेआधी त्यांनी खाल्ले तरी चालेल.

ही सवलत मठाधिपतीच्या मर्जीवर सोडलेली नाही, ती नियमातच लिहिलेली आहे. म्हातारा भिक्षू लवकर जेवतो तेव्हा तो कोणाचा मिंधा नसतो. तो नियम पाळीतच असतो.

ह्या धाग्याने ग्रंथालयाचा प्रश्न सुटला. 'मधल्या सुट्टीत ग्रंथालय बंद' ही ओळ आम्ही पुसली आणि 'सर्वांसाठी उघडे' अशी लिहिली. माझे जेवण पुढच्या तासावर गेले. तो तास मोकळा ठेवण्याचे मुख्याध्यापकांनी मान्य केले. आता त्या मुलीला 'पाचच मिनिटे' मागावी लागत नव्हती. तिच्याबरोबर क्रिकेट न येणारी दोन मुले, एक तोतरा मुलगा आणि घरी दूरदर्शन नसल्याने वृत्तपत्रातील क्रीडापान वाचायला येणारे चारपाच जण येऊ लागले. ह्यांतील प्रत्येकाला मैदानापासून दूर अशी जागा हवी होती, आणि इतकी वर्षे मी ती कुलुपात ठेवली होती.

कुलुपाविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण तेथे आम्हा शिक्षकांचे भय दडलेले असते. दाखल नोंदवहीतील पुस्तक तपासणीच्या दिवशी कपाटात सापडले नाही तर जाब किल्लीवाल्याला विचारला जातो. न वाचलेल्या पुस्तकाबद्दल मात्र कोणी कधी जाब विचारलेला मला ठाऊक नाही. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल डॉ. रंगनाथन ह्यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यांतील पहिलेच पुस्तक हे वापरण्यासाठी असते असे आहे. इतकी उघड गोष्ट सूत्र म्हणून सांगावी लागली, ह्यातच सारे आले. दार उघडल्यावर पहिल्या वर्षी आमची सात पुस्तके गेली. तीन परत आली, त्यांतील एकाला शाईचे डाग होते. उरलेल्या चारांची किंमत मी भरली. तक्रार म्हणून हे सांगत नाही. पण उघडे दार फुकट मिळत नाही, एवढे वाचकांना कळावे.

डब्याचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटणारा नव्हता. पुस्तक वाटून घेता येते, भात नव्हे. आमच्याकडे नववी-दहावीचे मिळून 120 विद्यार्थी. आठवीच्याच मापाने दरडोई 150 ग्रॅम तांदूळ धरला तर दिवसाला 18 किलो, आणि 220 दिवसांचे जवळजवळ 40 क्विंटल. साताऱ्याच्या वसतिगृहासाठी कर्मवीर भाऊराव पाटलांनी घरोघरची मूठ मूठ धान्य गोळा केले, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने मोडले. आमच्यात तसा कोणी नव्हता. पण हा धानाचा जिल्हा आहे. कापणीनंतर पालकांकडून सहासात क्विंटल तांदूळ जमेल असे दिसले. डबा न आणणारी मुले मला सुमारे 20 वाटत होती. त्यांना रोज जेवू घालायचे तर वर्षाला 660 किलो. उलट 120 जणांना आठवड्यातून एकच दिवस जेवू घालायचे तरी, आठवड्याचे सहा दिवस धरून, नेमके तेवढेच, 660 किलो!

तांदूळ तोच, पण न्याय कशात? वीस जणांना रोज द्यावे तर वीस नावांची यादी होणार, आणि त्या वयात यादीत नाव येण्यापेक्षा उपाशी राहणे पोरांना बरे वाटते. सर्वांना एक दिवस द्यावे तर कोणाचीच लाज जाणार नाही, पण उरलेले पाच दिवस टाकी आहेच. मी पालकसभेत दुसरा मार्ग सुचविला. अब्रू भाकरीहून मोठी, असे काहीसे मी बोललोही. तेव्हा मागच्या रांगेतील एक बाई उठल्या. "गुरुजी, कोनाजवर डबा नाही, हे तुमाले मालूम नसल. आमाले आन् पोराइले सप्पा मालूम आहे." सभेत हशा झाला नाही. भरल्या पोटाने मी ज्या अब्रूची राखण करीत होतो ती बहुधा माझ्याच कल्पनेतील असावी.

शेवटी सभेने तिसरेच ठरविले. यादी करायची नाही. नववी-दहावीच्या ज्या कोणाला बसायचे असेल त्याने रोज पंगतीत बसावे, कोणी काही विचारू नये. शासनाचा तांदूळ त्यात मिसळायचा नव्हता, म्हणून स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी वेगळे पातेले चढविले. पहिल्या दिवशी निम्मा वर्ग बसला, त्यांत सराफाचा मुलगाही होता. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिले, मी पोत्यांकडे पाहिले. सराफाचा मुलगा पुढच्या आठवड्यातही येत राहिला. त्याला उठवावे काय ह्यावर शिक्षकांच्या खोलीत दोन तट पडले. मी उठवू नये ह्या बाजूचा होतो व आजही आहे, कारण तो उठला असता तर पंगत पुन्हा यादी झाली असती. ती मुलगी त्याच्यापासून चार ताटल्या सोडून बसे. जेवून झाल्यावर घंटा होईपर्यंत ती ग्रंथालयात येई.

तांदूळ फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात संपला. दहावीची परीक्षा मार्चमध्ये होती.