उसने बूट
(मननासाठी: करिंथकरांस पहिले पत्र 4:7)

फ्रान्सचा जुस्त फोंतेन हा फुटबॉलमधला आघाडीचा खेळाडू. 1958 साली तो विश्वचषक स्पर्धेसाठी स्वीडनला गेला. सराव करताना त्याचे बूट फाटले. तेव्हा संघातील सोबती स्तेफान ब्रुए याने आपले बूट त्याला दिले. ते घालून फोंतेनने सहा सामन्यांत 13 गोल केले! एकाच विश्वचषकात इतके गोल 2022 पर्यंत दुसऱ्या कोणीही केले नाहीत.

पुढे त्याचा पाय दोनदा मोडला. 1962 साली, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याला खेळ सोडावा लागला. बूट उसने होते हे त्याला ठाऊक होते. पण पायही उसनेच निघाले!

आपल्याजवळ आहे ते सारे मिळालेलेच आहे, मग फुशारकी कशाची, असे पौल करिंथ येथील मंडळीला विचारतो. गोड गळा, शिकवण्याची हातोटी, धडधाकट शरीर, सारे उसनेच. मात्र उसने म्हणून ते पेटीत ठेवायचे नसते. फोंतेनने 1961 मध्ये सहकाऱ्यांसह फ्रान्समधील व्यावसायिक खेळाडूंच्या हक्कांसाठी संघटना उभारली. पाय थकले, तरी हात दुसऱ्यांच्या उपयोगी पडले.

संडेस्कूलच्या शिक्षकांनो, येत्या रविवारी मुलांना एवढेच विचारा: तुझ्याजवळ असलेले काय आज कोणाला देता येईल? आणि तोच प्रश्न आधी आपणांस विचारू या.