तार नसलेली प्लेट

कॉस्टिक पोटॅश घातलेल्या पाण्यात स्टेनलेस स्टीलच्या सात प्लेटा ओळीने उभ्या आहेत. दोन प्लेटांमध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट, ती राखायला रबरी गॅस्केट. पहिल्या प्लेटला 12 व्होल्टच्या बॅटरीची धन तार, सातवीला ऋण. मधल्या पाचजणींना कुणी विचारलेलंच नाही. तरी वीज सुरू झाली की सहाही फटींतून बुडबुडे उसळतात. घरी असले सेल बनवणारी हौशी मंडळी या पाचांना ‘न्यूट्रल’ म्हणतात. हे नाव साफ चुकलेलं आहे.

त्या पाचजणी मध्ये कशाला, याचं उत्तर हिशेबाचं आहे. पाणी फुटायला तत्त्वतः 1.23 व्होल्ट पुरतात. स्टीलच्या साध्या सेलला प्रत्यक्षात दोनच्या आसपास लागतात. दोनच प्लेटा ठेवून त्यांच्यावर 12 व्होल्ट सोडले तर बराचसा दाब पाणी तापवण्यात वाया जातो. मध्ये पाच प्लेटा उभ्या केल्या की सहा फटी होतात, प्रत्येकीच्या वाट्याला दोन व्होल्ट येतात आणि तोच प्रवाह सहा ठिकाणी राबतो. (याच रचनेच्या जोरावर मोटार पाण्यावर चालवण्याच्या बाता मारल्या जातात. पाणी फोडायला जितकी वीज लागते त्याहून जास्त ऊर्जा तो वायू जाळून परत मिळत नाही, प्लेटा कशाही रचा. शिवाय दोन्ही वायू एकत्र साठवलेल्या बरणीला एक ठिणगी पुरते, आणि बरणीच्या ठिकऱ्या उडतात.)

खरी गंमत मधल्या प्लेटची. धन टोकाकडे तोंड केलेल्या तिच्या अंगावर हायड्रोजन सुटतो, पाठीवर ऑक्सिजन. पत्रा एकच, मिलिमीटरभर जाडीचा. नवी कोरी प्लेट उपसून उलटी बसवली, तर मघा हायड्रोजन देणारं अंग आता ऑक्सिजन देतं. मग ऑक्सिजन देणं हा त्या अंगाचा गुण, की त्याच्या जागेचा?

भारतीय दर्शनांना हा प्रश्न नवा नाही. स्फटिकाशेजारी जास्वंद ठेवली की स्फटिक लाल दिसतो, हा दृष्टान्त सांख्य आणि वेदान्तात पुन्हा पुन्हा येतो. लाली फुलाची, स्फटिक आपल्या जागी निर्मळच. प्लेटलाही हे लावून बघावं असं वाटतं: धनपणा तारेचा, प्लेट बिचारी निर्लेप. पण दृष्टान्त इथे लंगडा पडतो. स्फटिक नुसता लाल दिसतो. प्लेट ऑक्सिजन देताना दिसते असं नाही, ती देतेच. विझत आलेली उदबत्ती त्या वायूत धरली तर भडकून पेटते. भासाने उदबत्ती पेटत नाही.

मग बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाकडे वळावं लागतं. तिबेटी परंपरा त्याचा जन्म विदर्भातला मानते. ‘मूलमध्यमककारिके’त त्याने स्वभावावर एक अख्खं प्रकरण खर्ची घातलं आणि आग व इंधन यांच्यावर आणखी एक. वस्तूला स्वतःचा असा, इतरांवाचून उभा राहणारा स्वभाव नसतो. पण म्हणून ती खोटी ठरत नाही, ती इतरांच्या आधाराने असते. मधली प्लेट नेमकी अशी जगते. डावीकडची शेजारीण आहे म्हणून तिचं डावं अंग ऋण, उजवीकडची आहे म्हणून उजवं धन. एका हाताने धनको, दुसऱ्या हाताने ऋणको.

जागेने ठरणाऱ्या गोष्टीला नाव देणं 1834 साली मायकेल फॅरडेलाही अवघड गेलं होतं. सेलच्या दोन टोकांना नावं हवी होती, पण वीज म्हणजे नक्की काय वाहतं याविषयीचं मत उद्या बदललं तर नाव खोटं पडू नये, हा त्याचा आग्रह. केंब्रिजचा विद्वान आणि धर्मगुरू विल्यम व्हेवेल याच्याशी पत्रव्यवहार झाला आणि अॅनोड-कॅथोड ठरले: ग्रीकमध्ये चढती वाट आणि उतरती वाट. पृथ्वीचं चुंबकत्व पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणाऱ्या प्रवाहामुळे आहे असं फॅरडेने कल्पनेत धरलं होतं. एक टोक सूर्य चढतो तिकडचं, दुसरं तो उतरतो तिकडचं. म्हणजे नाव धातूचं नव्हे, दिशेचं. मराठी पाठ्यपुस्तकांनी मात्र धनाग्र आणि ऋणाग्र केलं, आणि वीज देणाऱ्या बॅटरीत अॅनोडच ऋण निघाला की मुलं बुचकळ्यात पडतात.

एवढ्यावर नागार्जुनाच्या गळ्यात माळ घालणं मात्र घाईचं होईल. स्टीलच्या जागी अॅल्युमिनियमचा पत्रा लावून पाहावा. कॉस्टिक पोटॅशमध्ये तो तारेची वाट बघत नाही. बुडवल्याबरोबर विरघळू लागतो आणि स्वतःच हायड्रोजन सोडतो. गुण द्रव्यात राहतो म्हणणारे वैशेषिक इथे गालात हसतील. जागेने काम ठरतं हे खरं, पण त्या जागी टिकून राहायला अंगात काहीतरी असावं लागतं.

जागेच्याही अटी आहेत. प्लेटच्या कडा नीट बंद नसल्या किंवा पाणी खेळायला पाडलेली भोकं फार मोठी झाली, की प्रवाह प्लेटला वळसा घालून पाण्यातूनच पुढे निघून जातो आणि मधल्या प्लेटांचे बुडबुडे मंदावतात. संबंध जुळायला आधी आडवं यावं लागतं. प्लेट भिंत म्हणून उभी राहते तेव्हाच पूल होते. शेजाऱ्यांवर सगळं सोपवणाऱ्या तत्त्वज्ञानाला गॅस्केटची ही अट गैरसोयीची आहे, आणि नेमकी म्हणूनच ती विसरू नये.

काही महिने चाललेला सेल उघडला की आणखी एक गोष्ट दिसते. प्रत्येक मधल्या प्लेटचं ऑक्सिजनकडचं अंग तपकिरी झालेलं असतं, ऑक्साइडचा पातळ थर धरून. दुसरं अंग बरंचसं उजळ. पहिल्या दिवशी दोन्ही अंगं सारखीच होती आणि प्लेट कशीही बसवता आली असती. आता तसं चालत नाही, उलटी बसली तर जमलेला थर सुटून पाणी गढूळ व्हायचं भय. म्हणून जाणते लोक प्लेटा धुवायला काढण्याआधी प्रत्येकीच्या कडेवर खिळ्याने बाण कोरतात, टोक ऋण तारेकडे.