शिक्षा की शिक्षण?

शास्त्रपाठ : इब्री १२:५-११



रायपूर येथे एका मराठी कुटुंबातील प्रार्थनासभा आटोपल्यावर एका वृद्ध मावशींनी मला विचारले, "भाऊ, मुलगा गेला, आता दृष्टीही गेली. देव मला कसली शिक्षा करतो आहे?" वरील शास्त्रपाठातील 'शिक्षा' हा शब्द त्यांच्या अंतःकरणात रुतून बसला होता. माझे आयुष्य शास्त्राच्या भाषांतरात गेले. तरी त्या क्षणी मी निरुत्तर झालो.

शब्द तोच राहतो, पण काळ त्याचा अर्थ पालटतो. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या किंग जेम्स या इंग्रजी भाषांतरात याची पुष्कळ उदाहरणे आढळतात. 'प्रिव्हेंट' म्हणजे आज प्रतिबंध करणे. परंतु १ थेस्सल. ४:१५ मध्ये त्याचा अर्थ 'आधी जाऊन पोहोचणे' असा आहे. 'लेट' म्हणजे आज होऊ देणे, रोम. १:१३ मध्ये मात्र पौल त्याच शब्दाने आपणास अडथळा आल्याचे सांगतो. फिलिप्पै. १:२७ मधील 'कॉन्व्हर्सेशन' हे संभाषण नसून आचरण आहे. जुना शब्द आजच्या कानाने ऐकला, तर वाचक भलत्याच वाटेला लागतो.

आपल्या शास्त्रपाठात त्या भाषांतराने 'चेसन' हे क्रियापद योजले आहे. आज ते ऐकताच छडी डोळ्यांपुढे येते. पण त्याचे मूळ 'शुद्ध' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. मूळ ग्रीक शब्द 'पैदेया' तर 'मूल' या शब्दापासून झाला आहे. मुलाला वाढवणे, वळण लावणे, शिकवणे हे सर्व त्यात येते.

रायपूरच्या मराठी माणसाला हे सहज उमजावे. १९५६ पर्यंत रायपूर व नागपूर एकाच राज्यात होते, आणि तेथील मराठी घरांना हिंदी परकी नाही. मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड; हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. एकच शब्द न्यायालयातही नेतो आणि शाळेतही.

मग वेदना खोटी आहे काय? मुळीच नाही. मोशे मिसरी विद्येत तरबेज झाला, हे सांगताना (प्रेषित ७:२२) जे ग्रीक क्रियापद आले आहे, तेच पिलात येशूला फटके मारून सोडण्याची भाषा करतो तेथेही आहे (लूक २३:१६). यशया ५३:५ च्या प्राचीन ग्रीक भाषांतरातही 'पैदेया' हाच शब्द आहे. आपल्या शांतीसाठी लागणारा दंड प्रभूने स्वतःवर घेतला. जे त्याचे झाले त्यांच्यासाठी आता न्यायासन नव्हे, तर पित्याचे घर उरले आहे. तेथे अश्रू आहेत, शिस्तही आहे. परंतु शिकवणारा हात बापाचा आहे.

पुढच्या भेटीत मी मावशींना हे सांगितले. मुलगा का गेला, हे मात्र सांगितले नाही. ते मला ठाऊक नाही, आणि दुःखिताला तसले उत्तर देण्याचा अधिकार मला नाही. त्या बराच वेळ स्तब्ध होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे देव माझ्यावर रागावलेला नाही ना?"

"नाही, मावशी."

वाचकहो, आपल्या मंडळीतही कोणी हाच प्रश्न मनात दडवून बसले असेल. त्याच्याजवळ जा, आणि त्याला बापाचे अंतःकरण उलगडून दाखवा. तसे करण्यास प्रभू आपणांस साहाय्य करो. आमेन.